गणवेश, पदके आणि वचन : बालवीर चळवळीतील एका वादाचा मागोवा

गतवर्षीच्या डिसेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या बालवीर पथकाचे तीन दिवसांचे शिबिर मुळशी तालुक्यात, धरणाच्या जलाशयाकाठी भरले होते. दिवसभराचे तंबू, गाठी, मार्गशोधन व स्वयंपाक आटोपून मुले झोपी गेली आणि विझत आलेल्या शेकोटीभोवती आम्ही पाचसहा मोठी माणसे उरलो. एक सेवानिवृत्त गुरुजी होते, ज्यांनी चाळीस वर्षे शाळेत पथक चालविले. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करणारा एक तरुण स्काऊटमास्तर होता. गाईड मुलींची जबाबदारी पाहणाऱ्या एक सिस्टर होत्या. आणि मदतीला आलेले दोघे पालक होते. यांपैकी कोणालाही या कामाचा एक रुपयाही मिळत नाही. अशी माणसे एकत्र बसली की ज्या विषयावर बोलतात तोच विषय त्या रात्री निघाला : गणवेश, पुरस्कार आणि बदललेला अभ्यासक्रम.

गुरुजींचे म्हणणे असे की, गणवेशातील शिस्त सुटली तेव्हाच चळवळीचा कणा मोडला. "आमच्या वेळी मोजा वीतभर खाली आला तरी मुलाला रांगेतून बाहेर काढीत असू," असे ते म्हणाले. तरुण स्काऊटमास्तरांना हे पटेना. शर्ट, पॅन्ट, टोपी, पट्टा, स्कार्फ, बूट, मोजे आणि बॅज यांचा खर्च किती होतो, याचा हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखविला. एका पालकाला पुरस्काराच्या प्रमाणपत्राची काळजी होती. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखीव जागा असतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. सिस्टर म्हणाल्या, "मुली पुस्तकात सही घेण्यापुरती गाठ शिकतात आणि आठ दिवसांनी विसरतात." शेवटी गुरुजींनी शुभवर्तमानाचाच आधार घेतला. विवाहाच्या मेजवानीला लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या माणसाला राजाने बाहेर घालविले, याची आठवण देऊन ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "फादर, आता तुम्हीच सांगा."

आम्ही त्या रात्री काही सांगू शकलो नाही. त्याचे कारण वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. शिबिरापूर्वी काही आठवड्यांमागे मिस्सानंतर दीक्षाविधी होता. एक बारा वर्षांचा मुलगा शाळेचा पांढरा सदरा आणि पायात चप्पल घालून आला होता. त्याला आम्ही रांगेबाहेर उभे केले आणि "पुढच्या वेळी पूर्ण गणवेशात ये, मग वचन घे," असे सांगितले. रागावून सांगितले नाही, पण सांगितले. तो मुलगा पुन्हा आला नाही आणि मुळशीच्या शिबिरातही नव्हता. गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा आमचा अधिकार त्या मुलाने आपल्याबरोबर नेला होता. शिबिराहून परतल्यावर आम्ही या चळवळीचा इतिहास नव्याने चाळला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

१९०७ साली ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. बालवीर चळवळीची ही सुरुवात मानली जाते. काही मुले धनिकांच्या नामांकित निवासी शाळांतील होती, तर काही कामकरी वर्गातील. श्रीमंत मुलांकडून एक पौंड आणि गरीब मुलांकडून साडेतीन शिलिंग इतके शुल्क घेण्यात आले होते. वीस शिलिंगांचा एक पौंड होई, हे लक्षात घेतले म्हणजे यातील अंतर कळेल. या मुलांना कोणताही पूर्ण गणवेश नव्हता. प्रत्येकाला एक खाकी स्कार्फ, लिली फुलाच्या आकाराचे एक पितळी चिन्ह आणि आपला संघ ओळखू यावा म्हणून खांद्यावर रंगीत लोकरीची एक गाठ, एवढेच देण्यात आले. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी चार संघांची नावे होती. आज जगभर पसरलेल्या या चळवळीचे पहिले शिबिर एका स्कार्फवर आणि लोकरीच्या एका गाठीवर पार पडले.

१९०८ साली बेडन-पॉवेल यांचे पुस्तक निघाले आणि पथके झपाट्याने वाढली. त्यानंतरच शर्ट, आखूड विजार, रुंद काठाची टोपी आणि काठी असा गणवेश रूढ झाला. श्रीमंत आणि गरीब मुलांतील कपड्यांचा भेद दिसू नये, सर्वांनी एका पोशाखात भावंडांप्रमाणे वावरावे, हा त्यामागील मुख्य विचार होता. या गणवेशाच्या रंगाचे मूळ आपल्याच उपखंडात आहे. 'खाक' म्हणजे धूळ, माती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरच्या सरहद्दीवर हॅरी लम्सडेन याने उभारलेल्या 'कोअर ऑफ गाईड्स' या पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे वापरले आणि तेथून खाकी रंग साऱ्या ब्रिटिश सैन्यात गेला. मुलींच्या शाखेला नाव देताना बेडन-पॉवेल यांनी 'गाईड' हा शब्द याच पलटणीवरून घेतला. राखेच्या बुधवारी कपाळी माती घेणाऱ्या आपल्यासारख्यांना या रंगाचा वेगळा अर्थ सांगावयास नको.

ही चळवळ भारतात लवकर आली, परंतु भारतीयांसाठी आली नाही. १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे पहिले पथक स्थापन केले. त्यानंतरच्या दोन वर्षांत सिमला, मद्रास, जबलपूर या ठिकाणांबरोबरच आपल्या पुण्याजवळील खडकी आणि लोणावळा येथे पथके निघाली. ही दोन्ही नावे आम्हांला विशेष वाटतात. खडकी ही लष्कराची छावणी आणि लोणावळा हे घाटमाथ्यावरील रेल्वेचे ठाणे. दोन्हीकडे युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती होती. पथकात प्रवेश होता तो त्यांच्याच मुलांना. लोणावळ्याच्या दक्षिणेकडील डोंगर ओलांडला की मुळशीचे मावळ लागते. पाऊलखुणा ओळखणे, चांदण्यांवरून दिशा शोधणे, रानात चूल पेटवणे ही विद्या लोणावळ्याचे युरोपीय मूल ज्या काळात पुस्तकातून शिकत होते, त्याच काळात डोंगरापलीकडचे धनगराचे आणि कातकऱ्याचे मूल ती आईबापांकडून शिकत होते. परंतु पथकाच्या रांगेत त्याला जागा नव्हती. त्याला केवळ गणवेशच नव्हे, तर त्वचाही आडवी आली.

भारतीय मुलांच्या हाती अशी विद्या आणि अशी संघटना दिली तर ती सरकारवर उलटेल, ही राज्यकर्त्यांची धास्ती होती. म्हणून भारतीयांनी स्वतःच्या वाटा काढल्या. श्रीराम वाजपेयी यांनी उत्तर भारतात शाहजहानपूर येथे मुलांचे पथक उभारले. मद्रासेत ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ साली भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघ काढला. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समितीची बालवीर संस्था निघाली. मध्य प्रांतात या कामाला व्हिव्हियन बोस यांनी हात दिला. हेच पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ज्यांना रांगेबाहेर ठेवले त्यांनी आपली रांग उभी केली.

१९२१ च्या प्रारंभी बेडन-पॉवेल भारतात आले. वेगवेगळ्या संस्थांनी एक व्हावे यासाठी प्रयत्न झाले आणि बऱ्याच संस्था एकत्र आल्या. सेवा समिती मात्र स्वतंत्र राहिली. त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात रामनवमीच्या सुमारास, आम्ही ज्या काठावर तंबू ठोकले होते त्याच मुळशी खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाखाली मावळ्यांची भातशेती आणि गावे जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांनी या शेतकऱ्यांचे नेतृत्व केले आणि 'सेनापती' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. ती कोणत्या सरकारने दिलेली नव्हती आणि तिला पदक नव्हते. बायाबापड्यांनीही मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झाले. शिबिरात आम्हांला दूध आणून देणारा शेजारचा शेतकरी पाण्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत होता, "आमची मूळ गावं तिथं खाली हायेत." त्या वाक्यानंतर मुले बराच वेळ गप्प होती. सहनशक्ती, शिस्त, एकमेकांसाठी उभे राहणे यांचे धडे जगाला कोणी कोठे दिले, याचा विचार करताना १९२१ सालच्या या दोन्ही घटना आम्ही शेजारी शेजारी ठेवतो.

१९३७ साली दिल्लीत अखिल भारतीय मेळावा भरला आणि बेडन-पॉवेल पुन्हा आले. या भेटीच्या निमित्ताने भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले उद्गार येथील लोकांच्या जिव्हारी लागले. अनेकांनी त्यांच्या संस्थेचा त्याग केला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन स्थापन झाले. ज्याने जगातील मुलांना बंधुभाव शिकविला त्यालाच एका संपूर्ण देशाच्या मुलांचे मन राखता आले नाही, हे लिहिताना आम्हांला समाधान वाटत नाही. परंतु संस्थापकाचा आदर करणे आणि त्याची चूक सांगणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता आली पाहिजेत. ख्रिस्तसभेचा इतिहास वाचणाऱ्याला याची सवय असते.

स्वातंत्र्यानंतर या फुटीर संस्था एकत्र आणण्याचे काम मौलाना आझाद, पंडित नेहरू, मंगलदास पक्वासा, कुंझरू आदींनी केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था अस्तित्वात आली. पुढील वर्षी १५ ऑगस्टला मुलींची संस्थाही तिच्यात सामील झाली. आणि ज्या पुण्याच्या परिसरात एके काळी केवळ गोऱ्यांच्या मुलांना प्रवेश होता, त्याच पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी जगभरातील गाईड मुलींसाठी 'संगम' हे जागतिक केंद्र लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत सुरू झाले. गाईडांचे ते जगातील चौथे केंद्र होते. दोन नद्यांच्या मीलनाचे हे नाव पुणेकराला परके नाही.

१९५० नंतर जे बदल झाले ते आमच्या शेकोटीवरील वादाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मूळ वचनात ईश्वर आणि राजा यांच्याविषयीचे कर्तव्य होते. भारतात राजाच्या जागी देश आला. 'ईश्वर' या शब्दाऐवजी ज्याला हवे त्याने 'धर्म' हा शब्द वापरावा, अशीही मुभा देण्यात आली. मूळ नियमांपैकी एका नियमात वरिष्ठांची आज्ञा निमूटपणे पाळावी असे होते. भारतीय नियमात त्या जागी शिस्तपालन आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आले. संकटात हसत राहावे, शीळ घालावी, असे मूळ नियम सांगे. आपल्याकडे त्या जागी 'धैर्य' हा शब्द आला. मूळ नियमात केवळ प्राण्यांशी मैत्री होती, तेथे निसर्गावरील प्रेमाची भर पडली. कालांतराने खाकी रंगही गेला. भारतीय स्काऊटाच्या अंगावर पोलादी करड्या रंगाचा शर्ट आणि गडद निळी विजार आली. डोक्यावर बेरेट किंवा ज्याला हवा त्याला फेटा. म्हणजे गुरुजी ज्या गणवेशाला सनातन समजत होते तो तीन पिढ्यांत पुष्कळ बदलला आहे आणि अभ्यासक्रमही. या बदलांपैकी एकानेही चळवळ बुडाली नाही. ज्या गोष्टी टिकल्या त्या मोजक्या आहेत : वचन, सहाआठ मुलांचा संघ, उघड्या आकाशाखालचे शिक्षण आणि रोजचे एक सत्कृत्य.

आता पुरस्कारांचा विचार करू. आपल्याकडे प्रवेशापासून प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. साम्राज्याच्या काळात ज्या जागी 'किंग्ज स्काऊट' हा मान होता, त्या जागी आता राष्ट्रपतींचे नाव आहे. 'सोपान' हा शब्द ज्याने निवडला त्याला मराठी माणसाने धन्यवाद द्यावेत. सोपान म्हणजे पायऱ्या; सासवडला समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाचे ते नाव. आपल्याला याकोबाच्या स्वप्नातील शिडीही आठवते. तिच्यावर देवदूत चढतही होते आणि उतरतही होते. पायरी चढून वर गेलेल्या मुलाने खाली उतरून धाकट्याला हात द्यावा, हे त्या स्वप्नात आहे. पुरस्काराचा हाच अर्थ होता. ज्याला गाठ येते त्याने ती न येणाऱ्याला शिकवावी, प्रथमोपचार शिकलेल्याने शेजाऱ्याची जखम बांधावी.

मोठ्यांच्या सन्मानांची कहाणी तर अधिक बोलकी आहे. १९१९ साली लंडनजवळ गिलवेल पार्क येथे स्काऊटमास्तरांचे पहिले शिक्षण शिबिर भरले. ते पूर्ण करणाऱ्यांना काय द्यावे याचा विचार करताना बेडन-पॉवेल यांनी लाकडी मण्यांच्या एका माळेतील मणी वाटले. ती माळ दक्षिण आफ्रिकेतील झुलूंचा राजा दिनिझुलू याची म्हणून सांगितली जाई आणि १८८८ च्या मोहिमेत ती त्यांच्या हाती आली होती. त्या मण्यांच्या धर्तीवर केलेले मणी आजही शिक्षित स्काऊटमास्तर गळ्यात घालतात; भारतात त्यालाच 'हिमालय वुड बॅज' म्हणतात. एका पराभूत राजाचे भूषण विजेत्याच्या संस्थेचे पदक झाले. हे मणी गळ्यात घालणाऱ्या प्रत्येकाने ते मूळ कोणाचे, हे एकदा तरी मनात आणावे, असे आम्हांला वाटते. सोन्यारुप्याऐवजी लाकूड निवडले गेले, ही त्यातील चांगली बाजू. सेवेचे मोल बाजारात होत नाही, ही खूण त्या लाकडात आहे. आपल्याकडे मोठ्यांसाठी 'सिल्व्हर एलिफंट'सारखे उच्च सन्मान आहेत आणि दीर्घ सेवेचीही कदर होते. ती व्हावीच. परंतु आमच्या गुरुजींच्या चाळीस वर्षांचे खरे पदक म्हणजे त्या रात्री सुखाने झोपलेली तंबूतील मुले.

पालकांची चिंताही अनाठायी नाही. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडांसाठी जागा असतात. राष्ट्रपती पुरस्काराच्या प्रमाणपत्राने एखाद्या गरीब कुटुंबाच्या दोन पिढ्यांचे भले होऊ शकते. हातावर पोट असलेल्या बापाला "प्रमाणपत्राचा मोह धरू नकोस" असा उपदेश करणे सोपे आहे, पण तो करण्यापूर्वी उपदेशकाने स्वतःचे पोट कशावर भरते ते पाहावे. आमचा आक्षेप प्रमाणपत्राला नाही. न शिकलेल्या गाठीवर मोठी माणसे सह्या करतात, त्याला आहे. त्या सहीने मुलगा काय शिकतो? खोटे लिहिले तरी चालते, हे तो शिकतो. आणि स्काऊटाचा पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे.

कॅथोलिकांचा या चळवळीशी संबंध कसा आला, हेही येथे सांगितले पाहिजे. आरंभी फ्रान्ससारख्या देशांत अनेक कॅथोलिकांना तिची शंका येई. ही प्रॉटेस्टंट इंग्लंडची, निसर्गालाच देव मानणारी शिकवण आहे, असे ते म्हणत. येशूसंघीय फादर जाक सेव्हँ यांनी ऐकीव मतांवर विसंबण्याऐवजी १९१३ साली इंग्लंडला जाऊन स्वतः पाहिले आणि बेडन-पॉवेल यांची भेट घेतली. १९२० मध्ये त्यांनी इतरांबरोबर फ्रान्सची कॅथोलिक बालवीर संस्था स्थापन केली. वचन, संघ आणि सेवा यांत शुभवर्तमानाला प्रतिकूल असे काही नाही, उलट त्याला पोषक भूमी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत. १९३३ साली त्यांना संस्थेतील जबाबदारीवरून दूर व्हावे लागले. कटुता न धरता ते इतर सेवेत रमले आणि १९५१ साली वारले. २०१२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'पूज्य' म्हणून घोषित केले.

गणवेश क्षुल्लक आहे, असा कोणाचा समज झाला असेल तर इटलीकडे पाहावे. तेथील आर्जेंता गावी डॉन जोव्हान्नी मिन्झोनी या धर्मगुरूंनी पोरांना फॅसिस्ट संघटनेत न लोटता त्यांचे बालवीर पथक काढले. २३ ऑगस्ट १९२३ रोजी फॅसिस्टांच्या हस्तकांनी त्यांना मारहाण करून ठार केले. १९२८ पर्यंत मुसोलिनीच्या सरकारने बालवीर संस्थाच बंद केल्या. पथके विसर्जित झाली, निशाणे उतरली, गणवेश बेकायदा ठरला. मिलान आणि मोंझा येथील काही कॅथोलिक तरुणांनी मात्र हे मानले नाही. 'भटके गरुड' असे नाव घेऊन ते स्वित्झर्लंडच्या सीमेजवळील कोदेरा खोऱ्यात लपून शिबिरे भरवीत राहिले. शहरात साधे कपडे आणि डोंगरात गेल्यावर गणवेश, असे त्यांचे चाले. फॅसिझमपेक्षा एक दिवस अधिक टिकायचे, हा त्यांचा निर्धार होता. ते सतरा वर्षे टिकले. १९४३ नंतर त्यांच्यापैकी काहींनी धर्मगुरूंच्या साहाय्याने ज्यू आणि इतर जीव धोक्यात असलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांना सीमेपार पोहोचविले.

या तरुणांना गणवेश प्रिय होता. त्यासाठी त्यांनी तुरुंगाचा धोका पत्करला. म्हणून आमच्या गुरुजींचे गणवेशप्रेम आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु रात्रीच्या अंधारात ज्यू कुटुंबाला डोंगर ओलांडून नेताना त्यांच्या अंगावर गणवेश नसणार, हेही उघड आहे. तेथे तो ओळख पटवून जीव घेणारा ठरला असता. गणवेश केव्हा घालावा आणि केव्हा उतरवून ठेवावा, हे त्यांना कळत होते, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना कळले होते.

गुरुजींनी सांगितलेल्या दाखल्याकडे आता वळतो. विवाहाचा पोशाख नसलेल्या त्या पाहुण्याविषयी सेमिनरीत असताना आम्ही संत ग्रेगरी महान यांचे विवेचन वाचले होते. तो पोशाख म्हणजे प्रीती, असे ते सांगतात. संत ऑगस्टीन यांचेही मत तसेच आहे. हे सारे आम्हांला ठाऊक होते. परीक्षेत लिहूनही झाले होते. तरीही दीक्षाविधीच्या दिवशी चप्पल घालून आलेल्या मुलासमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा त्या दोघांत विवाहाच्या पोशाखाविना कोण होते, हे आमच्या ध्यानी आले नाही. दाखल्यातील राजाने तर रस्त्यारस्त्यांवरून, दिसेल त्याला बोलावून आणले होते. वाटेवरून आणलेल्या माणसाने पोशाख कोठून आणायचा? ज्याने बोलाविले त्यानेच तो द्यायचा असतो. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली स्कार्फ असेच दिले होते.

शिबिरानंतर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने चहा केला आणि मुलाची बाजू न घेता आमचीच समजूत घातली : "फादर, त्याचंच चुकलं. न सांगताच आला तो." मुलगा रविवारी सकाळी एका सोसायटीत गाड्या धुण्याचे काम करू लागला होता. आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने मान खाली घालून "बरं" म्हटले. तो पथकात परत आलेला नाही. रविवारची कमाई घराला लागते. जूनपासून त्याचा धाकटा भाऊ येऊ लागला आहे.

मुळशीच्या त्या मंडळीची बैठक आम्ही पुन्हा बोलाविली. धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुनी लोखंडी पेटी होती. मोठ्या झालेल्या मुलांचे गणवेश धुऊन, इस्त्री करून तीत ठेवायचे आणि नव्या मुलाने आपल्या मापाचा निवडून घ्यायचा, असे ठरले. कोणी दिला आणि कोणी घेतला याची वही ठेवायची नाही. गणवेश मिळेपर्यंत स्कार्फ पुरेसा मानायचा आणि दीक्षाविधीतून कोणालाही बाहेर ठेवायचे नाही. सोपानाच्या परीक्षेत सही करण्यापूर्वी मुलाने ती विद्या आपल्या संघातील धाकट्याला शिकवून दाखवायची, ही सिस्टरांची सूचना सर्वांनी उचलून धरली. पेटीची जबाबदारी कोणी घ्यायची असा प्रश्न आला तेव्हा गुरुजींनी हात वर केला. दर शनिवारी संध्याकाळी ते कचेरीत येतात, चष्मा लावून बटणे तपासतात, निसटलेली शिवतात. गणवेश नीटनेटकाच असला पाहिजे, या त्यांच्या आग्रहात तसूभरही फरक पडलेला नाही. दीक्षाविधीच्या सकाळी धाकट्या भावाच्या गळ्यात त्यांनी स्कार्फ बांधला, तेव्हा त्याचे मोजे घोट्यापर्यंत उतरले होते. गुरुजी खाली वाकले आणि त्यांनी ते स्वतःच्या हातांनी वर ओढले.